गाऱ्हाणं दोनदा

आमच्या वाचनालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, ‘गाऱ्हाणे’ हे विषयशीर्षक दोनदा होतं. एकाखाली एक, अगदी जुळं. एखादी स्पेस जास्त पडली असेल म्हणून मी दोन्ही ओळी साफ करून पाहिल्या, तरी एक्सेल आपलं म्हणे की हे दोन वेगळे शब्द आहेत. मला फरक दिसेना आणि यंत्राला दिसत होता, याचा त्रास फार होतो.

शेवटी एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक काढला, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो. एका नोंदीत खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह. दुसरीत साधा र, हलन्त, त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक न दिसणारं चिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्हींचा ‘ऱ्ह’च होतो. टाइप करणारी माणसं दोन, कीबोर्ड दोन, म्हणून शीर्षकं दोन. ‘किनाऱ्यावरील वनस्पती’चीही हीच गत. ‘ॲक्युप्रेशर’चा घोळ थोडा वेगळा. ॲ हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. त्याआधीची सवय असलेल्यांनी अ काढून वर चंद्र चढवलेला, नंतरच्यांनी आख्खं अक्षर वापरलेलं. रोग कळल्यावर मला जोर चढला आणि अशी सगळी जुळी शीर्षकं मी एका दुपारी एकत्र करून टाकली. पहिला मान गाऱ्हाण्याला.

मी मूळची मिरजेकडची. लग्नानंतर सिंधुदुर्गात आले आणि किनाऱ्यावरच्या एका जुन्या वाचनालयात तालिकेच्या कामाला लागले. आधी इथे कार्डांची कपाटं होती. मग कुणा कंत्राटदाराकडून सगळी कार्डं एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून घेतली, तीही फॉन्टवर चालणारी. फॉन्ट बदलला की पानभर अगम्य चिन्हं. ती कशीबशी युनिकोडमध्ये आणून आम्ही कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर आलो. कोहा न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने २००० साली सुरू केलं. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट. फुकट मिळतं म्हटल्यावर आमच्या कार्यकारी मंडळाला तो अर्थ फारच आवडला होता.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी आतला कचरा आमचाच. एकट्या मासळीची शीर्षकं बघा: मासेमारी, मच्छीमारी, मच्छिमारी, मत्स्यव्यवसाय, मत्स्योद्योग, कोळी लोक – व्यवसाय, आणि एका ठिकाणी नुसतं ‘म्हावरा’. कोकणाचं एकदा कोंकण, एकदा कोकण. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, पण आमच्या जुन्या पुस्तकांवरून ते अजून उतरलेले नाहीत आणि टाइप करणाऱ्याने पुस्तकावर दिसलं तसं टिपलं. वाचकाने ‘मासेमारी’ टाकलं तर त्याला सातातला एक हिस्सा दिसायचा. बाकीची पुस्तकं कपाटात असून नसल्यासारखी.

तेव्हा काम असं: सगळी शीर्षकं बाहेर काढायची, ओपनरिफाइन या याद्या साफ करणाऱ्या प्रोग्राममध्ये घालून सारखी दिसणारी एका गटात आणायची, एक रूप ठरवायचं आणि कोहात बाकीच्या शीर्षकांच्या नोंदी त्या एका नोंदीत विलीन करायच्या. विलीन केलेली नोंद पुसली जाते आणि तिला जोडलेल्या पुस्तकांवर नवं शीर्षक चढतं. पुस्तकं पन्नासच्या आत असली तर लगेच, जास्त असली तर रात्री आपोआप चालणाऱ्या क्रॉन जॉबमध्ये. उलटं फिरवायचं बटण नाही. हे शेवटचं वाक्य मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं होतं.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी सणांच्या गटाशी आले. गोपाळकाला, दहीहंडी, दहीकाला, धयकालो. चार शब्द, मडकं एकच. धयकालो म्हणजे मालवणीतला दहीकाला, एवढं मालवणी मला येत होतं आणि येतं याचा अभिमानही होता. चारही ‘गोकुळाष्टमी’त घातले. सतरा पुस्तकं. पाच मिनिटांत काम झालं आणि मी वेळेवर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. कार्तिक चालू होता, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या होत्या. आबा तरुणपणी दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका करायचे. आता गुडघे गेलेत, पण आवाज तसाच आहे. वाचनालयात ते हळू बोलतात तेव्हाही वर्तमानपत्र वाचणारे मान वर करतात.

“बाय, माका धयकालोचा ता पुस्तक व्हया. संकासुराचो फोटो आसा बघ, ता. शाळेत पोरांका सांगूचा आसा.”

मी ‘धयकालो’ टाकलं. शून्य. ‘दहीकाला’ टाकलं, शून्य. आदल्या संध्याकाळचं आठवून ‘गोकुळाष्टमी’ टाकलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बाळकृष्ण, लोण्याचा गोळा, मुंबईतले थर, मुलांसाठी कृष्णाच्या गोष्टी.

आबांनी चष्मा वर-खाली करून बघितलं. “माका मडकी फोडूची नाय आसत गो. माका धयकालो व्हयो.”

मग काउंटरपाशीच उभ्या उभ्या माझी शिकवणी झाली. देवळाच्या जत्रेत पालखी झाली की रात्रभर जे दशावतारी नाटक होतं, त्यालाच इथे धयकालो म्हणतात. पहाटे शेवटी दहीहंडी फुटते, काला होतो, म्हणून हे नाव. आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, वेद पळवणारा काळा संकासूर. मग मुख्य आख्यान, लिहिलेल्या संहितेशिवाय, पेटी-मृदंग-झांजेवर. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. मी इथे आल्यापासून अशी निदान पाच नाटकं बघितली होती. मांडवात बसून भजी खात बघितली होती. पण त्यांना मी ‘दशावतार’ म्हणत होते आणि माझ्या डोक्यात दहीकाला श्रावणात होता.

पुस्तक काही संगणकाने सापडलं नाही. आमचे शिपाईमामा आतून म्हणाले, “ता लाल पाठीचा? दुसऱ्या कपाटात, नाटकांच्या बाजूक.” आणि तिथेच होतं. पाठीवर वर्गांक ७९२, म्हणजे रंगभूमी. सणवार असते तर ३९४.२६ असता, देवधर्म असता तर २९४.५. ज्याने कुणी ते पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं होतं, त्याला ते काय आहे हे नीट कळलं होतं, आणि कपाटातही ते योग्य जागी होतं. चूक फक्त माझ्या यादीत होती, कारण यादी करताना मी शब्द बघितले आणि पुस्तक बघितलंच नाही. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, बी.लिब.ला, असताना तालिका करण्याबाबतचे कटरचे नियम परीक्षेसाठी पाठ केले होते, वाचकाची सोय आधी वगैरे. चांगले गुणही पडले होते.

आबा पुस्तक घेऊन वाचत बसले. मी मात्र मागच्या खोलीत गेले, कारण एक शंका डोक्यात आली होती. जुनी कार्डांची कपाटं तिथे आहेत. वर कॅरमबोर्ड, झेंडावंदनाची दोरी आणि एक बंद पडलेला पंखा. ‘द’चा खण ओढला. पाच बाय तीन इंचाची कार्डं, खालच्या भोकातून लोखंडी सळई गेलेली, कडा खाऱ्या हवेने तांबूस. दहीकाला. त्यावर आधीच्या ग्रंथपालांच्या बोरूसारख्या अक्षरात एवढंच:

दहीकाला
पाहा: दशावतार (नाटक)

‘ध’च्या खणात धयकालो, तेच. ‘गोपाळकाला’खाली ‘पाहा: गोकुळाष्टमी’. दोन्ही वाटा त्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी स्वच्छ वेगळ्या केल्या होत्या. आणखी खण ओढत गेले. ‘देवरहाटी, पाहा: देवराई’. ‘खोत, पाहा: खोती पद्धत’. ‘सडा’ या कार्डावर ‘पाहा: कातळपठारे, अंगणातील सड्यासाठी पाहा: रांगोळी’. हे वाचून मी तिथेच, त्या धुळीत, हसत बसले. घाटावर सडा अंगणात पडतो, इथे सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा जांभ्याचा माळ. त्या माणसाने दोघांचीही सोय केली होती.

मग यातलं एकही संगणकात का नाही? उत्तर कार्डाच्या कोपऱ्यातच होतं. पुस्तकाच्या प्रत्येक कार्डावर दाखल क्रमांक असतो. ‘पाहा’च्या कार्डामागे पुस्तक नसतं, म्हणून क्रमांकही नसतो. टाइप करणाऱ्याला पैसे पुस्तकांच्या नोंदींवर मिळत होते. क्रमांक नसलेलं कार्ड त्याने बाजूला टाकलं. त्याला दोष तरी काय देणार. ‘हीही कार्डं टाइप करा’ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रजिस्टरशी ताळा केला तेव्हा आकडे तंतोतंत जुळले आणि सगळ्यांनी सह्या केल्या. पुस्तक एकही हरवलं नाही. पुस्तकाकडे जायच्या वाटा तेवढ्या हरवल्या.

बॅकअपवरून जुनी स्थिती आणता आली असती. ज्यांच्याकडे सर्व्हर आहे त्यांना फोन केला. ते म्हणाले, आणू, पण बॅकअपनंतरच्या चार दिवसांची देवघेव जाईल. सुट्टीवरून आलेल्यांनी पिशव्या भरभरून पुस्तकं नेली होती. ती कुणाच्या नावावर आहेत हे मी कुठून आणणार? नको म्हटलं. काम सुरू करण्याआधी काढलेली यादी माझ्याकडे होती, पुस्तकाचा क्रमांक आणि जुनं शीर्षक अशी. ती छापली, सतराच्या सतरा पुस्तकं कपाटातून काढून टेबलावर आणली आणि एकेक उघडून बघितलं. सहा दशावताराची निघाली. दहा गोकुळाष्टमीची. एक पाककृतींचं होतं. दहीकाला नावाचा खाऊचा प्रकार. तो तिसरा अर्थ माझ्या किंवा कार्डांच्या, कुणाच्याच डोक्यात नव्हता.

नव्या नोंदी मार्कच्या रीतीने केल्या. मार्क म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदींचा ठरलेला साचा, त्यातल्या प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. १५० मध्ये ठरवलेलं रूप, ‘दशावतार (लोकनाट्य)’. ४५० मध्ये ‘पाहा’चे शब्द: धयकालो, दहीकाला, दशावतारी नाटक. विष्णूच्या अवतारांसाठी वेगळी नोंद, कारण ‘दशावतार’ या एका शब्दाखालीही मत्स्य-कूर्म-वराह आणि आबांची मंडळी आजवर एकाच खोलीत राहत होती. मग कोहात ४५०मधले शब्दही शोधात धरायची सेटिंग चालू केली (ती बंदच होती, इतकी वर्षं) आणि सगळी अनुक्रमणी पुन्हा बांधायला लावली. त्याला तासभर लागला.

तोवर आबा पुस्तक संपवून टेबलाशी आले होते. “बघू तुझी यादी.” मी एकत्र केलेल्या शीर्षकांचे कागद त्यांच्यापुढे सरकवले. बोट ठेवून ते ओळीन् ओळ वाचत गेले, मोठ्याने, राजाच्या आवाजात. मासेमारीला हरकत नाही. मत्स्यशेती त्यात घालू नको, ती तलावातली कोळंबी, ती वेगळी. कोकणी लोक की कोकणी भाषा, ते बघ. ‘तरंग’ भौतिकशास्त्रात आहेत ते ठीक, पण देवळातल्या तरंगकाठीचं पुस्तक त्यात गेलं नाही ना? गेलं होतं. मी खुणा करत होते आणि माझी गुरुवारची ऐट पानागणिक उतरत होती.

तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“ह्या काय? ‘गाऱ्हाणे, पाहा: तक्रार निवारण’?”

मी म्हटलं, हो, ते दोनदा होतं. अक्षर तेच, आतला कोड वेगळा. ग्राहकांच्या तक्रारींचं पुस्तक होतं त्याखाली, म्हणून मी...

“आनि दुसऱ्याखाली?”

दुसऱ्याखाली काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. शब्द एक म्हटल्यावर बघायचं कशाला? यादीत क्रमांक शोधला, मामांनी पुस्तक काढून आणलं. ग्रामदेवतांची गाऱ्हाणी. देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने घालतात ती. दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर एकच शब्द दोन तऱ्हांनी टाइप केला होता, आणि निव्वळ योगायोगाने दोन तऱ्हांचे अर्थही दोन होते. एक्सेल पहिल्यापासून बरोबर बोलत होतं, भले त्याला स्वतःला त्यातलं काही कळत नसेल.

आबांना हे सगळं समजावून सांगितलं, जॉइनरसकट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग दोन्ही हात जोडले, माझ्या मॉनिटरकडे तोंड केलं आणि वाचनकक्ष दणाणेल असा आवाज लावला:

“बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकराच्या हातून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. आनि ह्या कंप्युटराक बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

मागच्या कपाटाआडून मामा, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे तिघे, एकदम:

“व्हय म्हाराजा!”