रावेर ते आझादपूर : भाडं किलोमीटरचं, नुकसान तासांचं

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याच्या केळीच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, दिल्लीचं भाडं टनाला किती चाललंय ते तोंडपाठ असतं. पण गाडी बांधावर लागल्यापासून दिल्लीच्या आझादपूर मंडीत खाली होईपर्यंत किती तास गेले, हा आकडा फार थोड्यांच्या वहीत सापडतो. माझ्या मते खान्देशातून बाहेर जाणाऱ्या मालाचं नियोजन करताना हाच आकडा आधी लिहायला हवा. रस्त्यावरचे साधारण अकराशे किलोमीटर कमी-जास्त होत नाहीत. बांधावर, वजनकाट्यावर, घाटात आणि मंडीच्या दारात जाणारे तास मात्र रोज वेगळे असतात.

हिशोब उलटा, दिल्लीकडून मांडायचा. मंडीतला व्यवहार पहाटे सुरू होतो आणि शहरात अवजड गाड्यांना सकाळ-संध्याकाळ नो-एंट्री असते. म्हणजे गाडी रात्री दोन-तीनच्या सुमारास पोचली पाहिजे. सरासरी 40 चा वेग धरला तर नुसतं चाक फिरण्याचे 27-28 तास होतात. जेवण, झोप, डिझेल, टोल आणि पंक्चर यांचे चार-पाच तास धरले की 32. आज संध्याकाळी सहाला रावेर सोडलं तर परवा रात्री दोनला दिल्ली. आता भरणी लांबली आणि गाडी सहाऐवजी अकराला निघाली, तर ती सकाळी सातला, नेमकी नो-एंट्रीच्या तोंडावर पोचते. दुपारपर्यंत बाहेर उभी, तोवर सौदे उरकलेले, आणि माल दुसऱ्या दिवसावर. इथला पाच तासांचा उशीर तिथं एका दिवसाचा होतो, तोही ताडपत्रीखाली.

या एका दिवसात केळीचं काय होतं? मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा 44-45 वर जातो. दुपारी कापलेला घड आतून तापलेला असतो. तो तसाच गाडीत रचला की मधल्या थरांतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. कापलेलं फळ श्वसन करतच असतं, त्यातून आणखी उष्णता निघते. त्यात एखादा घड आधीच पिकायला लागलेला असेल तर त्याच्या इथिलीननं (फळ पिकवणाऱ्या वायूनं) आजूबाजूचेही पिकू लागतात. ताडपत्री काढल्यावर मधला माल पिवळा आणि कडेचा हिरवा दिसतो तो यामुळे. रायपनिंग चेंबरवाल्याला (माल पिकवणाऱ्या खोल्या चालवणाऱ्याला) असा मिसळ माल नको असतो. त्याला 16 ते 18 अंशांवर इथिलीन देऊन सगळा लॉट एकदम रंगावर आणायचा असतो. मग भाव पडतो आणि त्याचं खापर शेवटी शेतकऱ्याच्या ‘क्वालिटी’वर फुटतं.

म्हणून उन्हाळ्यात कटाई पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबवावी. घड उन्हात किंवा मातीवर न टाकता सावलीत, पाल्यावर ठेवावेत. गाडी चार वाजता बांधावर हवी, म्हणजे सहाला निघण्याची आशा. दोन टोळ्या लागल्या तर मजुरी वाढेल, पण वरचा हिशोब पाहता ती स्वस्तच पडते. गाडीच्या तळाला आणि बाजूच्या फाळक्यांना पाल्याची जाड गादी द्यायची. ताडपत्री पुढून हवा शिरेल आणि मागून निघेल अशी बांधायची. हिवाळ्यात नेमकं याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर-आग्र्याच्या बाजूला रात्रीचा गारठा हाडात शिरतो, आणि फळ 13 अंशांखाली गेलं की सालीखालच्या शिरा तपकिरी पडतात. माल हिरवा असताना हे नीट दिसत नाही, पिकल्यावर साल राखाडी, मळकट होते. शेतात थंडीनं चरका पडतो तसलाच प्रकार. अशा वेळी पुढची बाजू बंद ठेवून ताडपत्री दुहेरी घ्यावी लागते. एकाच पद्धतीनं बाराही महिने बांधणारे ड्रायव्हर-क्लीनर कमी नाहीत.

मग रेल्वे का नाही? हा प्रश्न दरवर्षी निघतो. सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं भुसावळ-खांडवा मार्गावरच आहेत आणि केळीच्या वॅगनी इथून जात आल्या आहेत. 7 ऑगस्ट 2020 ला देवळाली-दानापूर ही शेतमालासाठीची पहिली किसान रेल सुटली, ती जळगाव-भुसावळवरूनच. पुढे फळं-भाजीपाल्याला भाड्यात 50 टक्के सवलतही मिळाली. सवलत होती तोवर सगळे खुश होते. पण रेल्वेची खरी अडचण भाड्यापेक्षा आकाराची आहे.

एका पार्सल व्हॅनमध्ये साधारण 23 टन माल बसतो. 20 व्हॅनची गाडी धरली तर 460 टन. सरासरी 20 किलोचा घड, म्हणजे 23,000 घड एका दिवसात कापून स्टेशनवर यायला हवेत. सहा बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी 1,450 च्या आसपास झाडं असतात. तेव्हा कागदावर सोळा एकरांचं काम. पण बाग एकदम कापली जात नाही, ती टप्प्यांनी येते. एका कटाईत 350 घड निघाले असं धरलं तर 65-66 बागांत एकाच सकाळी टोळ्या हव्यात, आणि प्रत्येक बागेतून स्टेशनपर्यंत ट्रॅक्टर किंवा छोटा टेम्पो. त्यात दोन बागांत पाऊस लागला की सगळी गाडी खोळंबते. वॅगन वेळेत भरल्या नाहीत तर डेमरेजचा दंड, माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हारफेजचा. शिवाय ट्रकमध्ये घड बांधावर एकदा चढतो आणि मंडीत एकदा उतरतो. रेल्वेत बाग, स्टेशन, वॅगन, दिल्लीचं स्टेशन, पुन्हा ट्रक, मंडी. प्रत्येक हाताळणीला साल घासली जाते आणि हमाली लागते ती वेगळीच.

तरीही रेल्वे सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही. कटाईचा जोर असताना गाड्यांचा तुटवडा पडतो, भाडं चढतं, तेव्हा रेक (वॅगनींची पूर्ण गाडी) हाच आधार असतो. फण्या करून क्रेटमध्ये किंवा खोक्यात भरलेला माल असेल तर हाताळणीचं नुकसानही बरंच कमी होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये भुसावळ-खांडवा तिसऱ्या-चौथ्या मार्गाला (131 किमी) आणि मनमाड-जळगाव चौथ्या मार्गाला (160 किमी) मंजुरी मिळाली. ऑक्टोबर 2025 मध्ये वर्धा-भुसावळ तिसरा-चौथा (314 किमी) मंजूर झाला. त्याआधी सप्टेंबर 2024 मध्ये धुळ्यावरून जाणारा 309 किलोमीटरचा मनमाड-इंदूर मार्ग मंजूर झालेला आहे. हे मार्ग झाले की प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाडी बाजूला उभी राहण्याचा वेळ घटेल. पण रावेर-सावद्याला भरणीसाठी स्वतंत्र लूप (बाजूचा रूळ), पूर्ण रेकच्या लांबीचा छप्पर असलेला धक्का आणि ट्रॅक्टर वळायला जागा नसेल, तर वाचलेले तास पुन्हा धक्क्यावरच जातील. मागणी करायची तर ही करावी. नुसती ‘जादा वॅगन द्या’ ही मागणी अर्धी आहे.

निर्यातीच्या मालाचं गणित निराळं. 40 फुटी रीफरमध्ये (शीत कंटेनरमध्ये) 13 किलोची सुमारे 1,540 खोकी बसतात, म्हणजे 20 टन. इथं एक गैरसमज जागोजागी भेटतो : रीफर माल थंड करतो. रीफर थंड माल थंड ठेवतो, एवढंच. पॅक-हाउसमधल्या प्रीकूलिंगमध्ये गराचं तापमान 14 च्या आसपास आणूनच भरणी करावी. वरवर गार लागणारं खोकं भरलं तर आतली उष्णता निघायला दिवस लागतात आणि तापमान नोंदणाऱ्या डेटा-लॉगरवर ते सरळ दिसतं. हवा खालच्या टी-आकाराच्या पट्ट्यांतून वर येते, म्हणून खोक्यांची भोकं एकावर एक जुळली पाहिजेत आणि कंटेनरमधल्या लाल रेषेच्या वर एकही खोकं नको. केळीसाठी फ्रेश-एअर व्हेंट उघडा ठेवावा लागतो, नाहीतर इथिलीन आणि कार्बन डायऑक्साइड आत साठतात. न्हावा शेवा बंदरापर्यंत रस्त्यानं जाताना वीज जेनसेटची (जनरेटरची). त्याला तासाला तीन-चार लिटर डिझेल लागतं. टाकी भरलेली आहे का, हे निघताना स्वतः बघावं. चांदवडजवळ राहूड घाटात कोंडी झाली की दहा तासांचा प्रवास पंधरावर जातो, आणि जेनसेट बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

घाट हा आपल्याकडचा कायमचा पाहुणा. सुरतेकडे कोंडाईबारी, इंदूरकडे बिजासन, छत्रपती संभाजीनगरकडे कन्नडचा औट्रम घाट. औट्रम घाटात ऑगस्ट 2023 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशानं अवजड वाहनांना बंदी आली आणि गाड्या नांदगाव-शिऊरबंगला बाजूनं फिरू लागल्या. वळशाचं डिझेल सगळे मोजतात, ई-वे बिलाचं (जीएसटीतल्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचं) अंतर विसरतात. ताज्या केळीला ई-वे बिल लागत नाही, पण कापसाच्या गाठी, पीव्हीसी पाइप, चटई यांना लागतं. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. पोर्टल पिनकोडवरून अंतर स्वतः काढतं आणि त्यात फार तर 10 टक्के वाढ करू देतं. वळसा त्याहून मोठा असेल तर मुदत हातात कमी राहते. मुदत संपण्याच्या आधीचे आठ आणि नंतरचे आठ तास एवढ्याच खिडकीत ती वाढवता येते. त्याहून जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे धुळ्याला माल दुसऱ्या गाडीत टाकला आणि ई-वे बिलाच्या पार्ट-बीमध्ये नव्या गाडीचा नंबर घातलाच नाही. पकडलं तर कराच्या 200 टक्के दंड, आणि सुटेपर्यंत गाडी उभी ती उभीच.

ओव्हरलोडबद्दल थोडक्यात. 2018 मध्ये एक्सलची मर्यादा वाढली : चार टायरच्या सिंगल एक्सलला 10.2 वरून 11.5 टन, टँडमला (दोन एक्सलच्या जोडीला) 19 वरून 21. त्याच्या वर तीन टन टाकले तर दंड 20,000 अधिक टनाला 2,000, म्हणजे 26,000. टनाला 4,000 भाडं धरलं तरी तीन टनांचे 12,000 होतात. शिवाय जादा माल तिथंच उतरवावा लागतो. रस्त्याच्या कडेला उतरवलेल्या केळीचं पुढं काय होतं ते सांगायला नको.

पाइपवाल्यांची अडचण याच्या बरोबर उलटी : गाडी डोळ्यांना भरलेली दिसते, काट्यावर निम्मंही वजन येत नाही. 110 मिलिमीटरमध्ये 90, 90 मध्ये 63 असे पाइप आत सरकवून पाठवले तर त्याच भाड्यात जास्त माल जातो. मात्र उतरवताना मोजणी चुकते, म्हणून बिल्टीवर (वाहतुकीच्या पावतीवर) आतल्या पाइपांची संख्या वेगळी लिहावी.

बिल्टीचा विषय निघालाच आहे तर केळीच्या बिल्टीवरही घड्याळातल्या चार वेळा लिहून घ्याव्यात : गाडी बांधावर लागली, भरून निघाली, मंडीच्या दारात पोचली, खाली झाली. चौथ्या वेळेशेजारी माल घेणाऱ्याची सही आणि शिक्का. हॉल्टिंग (गाडी उभी राहिल्याचा आकार) किती तासांनंतर सुरू होणार आणि ते कुणी द्यायचं, हे भाडं ठरवतानाच त्याच कागदावर लिहावं. पोच परत आल्यावर बाकी भाडं देताना तूट आणि हॉल्टिंग यांची भांडणं होतात, त्यातली बरीच या दोन ओळींनी मिटतात. महिनाभराच्या बिल्ट्या एकत्र ठेवून पहिल्या दोन वेळांमधलं अंतर काढलं, की कुठल्या मुकादमाची टोळी वेळेवर येते हेही कळतं.