तान्ह्या पोळ्याची झूल: फुल्या एकसारख्या येण्यासाठीच्या नोंदी

काम: लाकडी नंदीच्या पाठीवर टाकायची झूल, 6 इंच रुंद, 4 इंचांहून थोडी उंच. कापड पांढरं मॅटी, म्हणजे घरं मोजता येतात असं सैल विणीचं कापड. ग्राफ आडवा 66 घरं, उभा 44, म्हणजे 2,904 घरं. एका घरात एक फुली, म्हणजे एकमेकांवरून जाणारे दोन तिरपे टाके. त्यातली 1,860 भरायची, बाकी कापड मोकळं दिसणार. लाल 1,040, पिवळी 420, हिरवी 260, काळी 140. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, पोरं नंदी घेऊन बोजारा (घरोघरी मिळणारी बक्षिशी) मागायला निघतात. त्याआधी झूल धुऊन, इस्त्री होऊन, अस्तर लावून तयार हवी.

आजची स्थिती: चारही बाजूंचा तीन घरांचा लाल काठ झाला (624 फुल्या). मधल्या चक्राचा पिवळा निम्म्यावर आहे. हिरवं आणि काळं शिवलेलं नाही.

कापड

मॅटी दुकानातून आणलं की त्यात खळ असते, त्यामुळे कडक आणि चौकोनी वाटतं. थंड पाण्यात तासभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, ओलसर असताना इस्त्री करा आणि मग मोजा. आधी मोजून नंतर धुतलं तर आटल्यावर सगळा हिशेब चुकतो.

एका इंचातली घरं मोजून भागत नाही. चार इंचांतली मोजून चाराने भागायचं, आणि आडवं-उभं वेगवेगळं मोजायचं. या तुकड्यात आडवी 44 आली, उभी 42. म्हणजे इंचाला आडवी 11, उभी साडेदहा. फरक क्षुल्लक वाटतो, पण गोल नक्षीत लगेच दिसतो. ग्राफवर 22 बाय 22 घरांचं चक्र या कापडावर 2 इंच रुंद आणि 2.1 इंच उंच येतं, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर लांबट. मधली एक ओळ काढून 22 बाय 21 केलं की दोन्हीकडे बरोबर 2 इंच. काठाच्या आत उभी 38 घरं उरतात. त्यातली 8 चक्राच्या वर, 9 खाली ठेवली. जास्तीचं घर खाली असलं तर नजरेला टोचत नाही, वर असलं तर चक्र घसरल्यासारखं वाटतं. आयडा या फुल्यांसाठीच चौकोनी विणलेल्या कापडात ही भानगड सहसा नसते, पण तालुक्याच्या बाजारात मॅटीच सहज मिळते.

खादीवर मोजून फुल्या घालता येतील का, हे वर्ध्याकडून हमखास विचारलं जातं. हातसुताचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. चार धाग्यांचं एक घर धरलं तरी प्रत्येक घर निराळं येतं. त्यावर वेस्ट कॅनव्हास (नंतर काढून टाकायचं जाळीदार कापड) टाचून, दोन्ही कापडांतून फुल्या घालून, नंतर ओलं करून कॅनव्हासचे धागे एकेक ओढून काढायचे. दुसरा रस्ता धरला की फुल्या नाचतात.

झुलीसाठी तुकडा 10 बाय साडेआठ इंच कापला, सगळीकडून दोन इंच सोडून. मॅटीच्या कडा फार सुटतात, म्हणून कापल्याबरोबर कडेला हाताने गुंडाळटाका घालून घेतला.

दहा-दहाचे चौकोन

आधी आडव्या-उभ्या मध्यरेषा, मग तिथून दोन्हीकडे दर दहा घरांवर एक कच्चा धावता टाका. शिवणाचा दोरा यासाठी वापरू नका. फुल्या घालताना सुई त्यातून आरपार जाते आणि शेवटी तो निघता निघत नाही, जोर लावला तर फुलीसुद्धा उचकटते. बारीक तंगूस (नायलॉनचा दोरा) घ्या, सुई त्यात शिरत नाही आणि काम संपलं की तो सरळ ओढून निघतो. लाल काठ चौथ्या कोपऱ्यात येऊन जुळतो की एका घराने चुकतो, हे या चौकोनांवरच ठरतं. तिसऱ्या कोपऱ्याआधी एकदा मोजून घ्या. चौथ्यात चूक सापडली तर ती नेमकी कुठून सुरू झाली ते शोधायला उसवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

दोरा

सहापदरी लडी, 8 मीटरची. इंचाला 11 घरांच्या कापडावर तीन पदर लागतात. दोन घेतले तर फुलीच्या मधून पांढरं डोकावतं, चार घेतले तर भोक ताणलं जातं आणि शेजारचं घर दबतं. 14 च्या कापडावर दोन पदर पुरतात. सुई बोथट टोकाची, 11 ला 22 नंबर, 14 ला 24. नंबर वाढला की सुई बारीक होते.

तुकडा एक हाताचा, म्हणजे 18 इंच. जुन्या मापातला हा हात इथे अगदी चपखल बसतो. याहून लांब दोरा भोकांतून जास्त वेळा घासला जातो आणि शेवटच्या फुल्या पहिल्यांपेक्षा केसाळ, फिकट दिसतात. एका फुलीला पुढून-मागून मिळून साधारण 11 मिलिमीटर दोरा जातो. सुरुवात आणि शेवट सोडून एका तुकड्यात तीसेक फुल्या होतात, आणि तीन पदरांनी एका लडीत हजाराच्या आसपास. म्हणून लालच्या दोन लड्या घेतल्या, त्याही एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या. दुसरी लडी नंतर आणली आणि लॉट बदलला, तर काठावर जोड स्पष्ट दिसतो.

तिन्ही पदर एकत्र ओढून कधीच काढायचे नाहीत. सहाही पदर एकेक करून वर ओढा, बाकीचे बोटांत सैल धरा, ते खाली गोळा होतात आणि आपोआप सरळ होतात. मग त्यातले तीन पुन्हा जुळवा. सुटे करून जुळवलेले पदर शेजारी-शेजारी बसतात आणि घर भरून काढतात. लडीतून तसेच घेतलेले पदर एकमेकांभोवती वळलेले असतात, त्यांची फुली दोरीसारखी बारीक उठते. लडीच्या घडीमुळे पडलेल्या लाटा ओलसर कापडावरून बोट फिरवत घालवाव्यात, पण ओवायच्या आधी दोरा पूर्ण वाळू द्या.

फुली

फुली वाकडी काऊन दिसते? दहापैकी आठ वेळा कारण वरच्या तिरपीत, म्हणजे फुलीच्या वरच्या तिरप्या टाक्यात असतं. डोळ्याला तीच दिसते. खालची थोडी इकडेतिकडे झाली तरी चालून जाते, पण वरची एक जरी उलट्या दिशेची पडली तर तिच्यावरचा उजेड वेगळा चमकतो आणि सगळ्या झुलीत ती एकटी ओरडत राहते.

आडव्या ओळी अर्ध्या फुल्यांनी भरा. डावीकडून उजवीकडे जाताना खाली डाव्या भोकातून वर, वरच्या उजव्या भोकातून खाली. ओळ संपली की उलट येताना खाली उजव्यातून वर, वरच्या डाव्यातून खाली. मागच्या बाजूला सगळे टाके उभे पडले पाहिजेत. मागे तिरपं काही दिसलं तर क्रम चुकलाय. सुटी फुली, किंवा पायरीसारखी चढत जाणारी, असेल तर तिथली तिथे पूर्ण करून पुढे जा. वरच्या तिरपीची दिशा मात्र तीच. काठाच्या उभ्या बाजूंना तीन-तीन घरांच्या छोट्या ओळी करत खाली उतरलो.

कापड फिरवताना सांभाळा. अर्धा फेरा फिरवला तर तिरपीची दिशा तीच राहते. पाव फेरा फिरवला की उलटते. दारावरचं तोरण दोघी शेजारच्या दोन कडांनी भरायला बसतात तेव्हा हाच घोळ होतो. कापडाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक रंगीत गाठ बांधून ठेवा, ती जिथे असेल तिकडे वर.

तीन पदर वरच्या तिरपीत पट्टीसारखे सपाट बसवायला दाभण वापरा, पोती शिवायचंच, फक्त गंज नसलेलं आणि टोक घासून बोथट केलेलं. सुई खाली ओढताना दाभण दोऱ्याच्या खाली आडवं धरा, पदर त्याच्यावर पसरू द्या, दोरा जवळजवळ ओढून झाला की काढून घ्या. दोन पदरांचं काम असेल तर दाभण लागत नाही. खाली जाताना सुई दोन पदरांच्या मधून न्या, ते आपोआप वेगळे राहतात. हे फक्त वरच्या तिरपीला करा. खालच्यालाही केलंत तर वेळ दुप्पट आणि फरक शून्य.

पीळ: सुई हातात फिरत राहते, तसा दोरा एका बाजूला वळत जातो. दर आठ-दहा फुल्यांनी रिंग (कापड ताणून धरायचं भरतकामाचं कडं) उलटी करून सुई लोंबू द्या, ती गरगर फिरून थांबते. चुटकीत सुई उलट फिरवूनही चालतं, पण जास्त उलगडलं तर पदर पिंजतात.

ताण: फुलीच्या कोपऱ्यातलं भोक शेजारच्या रिकाम्या भोकाएवढंच दिसलं पाहिजे. मोठं दिसलं तर ओढ जास्त. सुईच्या टोकाने तिरपी सहज वर उचलली जात असेल तर सैल. रिंगेत मॅटी ढोलकीसारखी ताणू नका. मॅटीची वीण सैल असते, तिरपं ओढलं की घर शंकरपाळ्यासारखं होतं आणि रिंग काढल्यावर फुल्याही तशाच राहतात. आतल्या कड्यावर सुती नाडी गुंडाळली तर कमी ताणातही कापड सरकत नाही. भरलेल्या भागावर रिंग बसवायची असेल तर मध्ये मलमलचा तुकडा घ्या, आणि उठताना रिंग काढूनच ठेवा.

एका भोकात चार फुल्यांचे कोपरे येतात. शक्य तिथे रिकाम्या भोकातून वर या, भरलेल्यात खाली जा. भरलेल्यातून वर आलं की आधीचा पदर चिरून सुई बाहेर येते आणि तिथे पांढरट ठिपका उमटतो.

सुरुवात आणि शेवट

तीन पदर असल्याने दोरा दुमडून करायची फासाची सुरुवात जमत नाही, त्याला पदर जोडीने लागतात. इथे मागे इंचभर शेपूट सोडून पहिल्या पाच-सहा फुल्यांखाली दाबलं. संपवताना मागच्या उभ्या टाक्यांखालून चार-पाच घरं सुई सरकवून कापायचं. गाठ नको. इस्त्रीखाली ती पुढे उठते, आणि रुखवतातल्या बाया तोरण आधी उलटं करून पाहतात हे सांगायला नको. मागून दोरा तीन घरांपेक्षा जास्त ओढून नेऊ नका. पांढऱ्या मॅटीतून लालची सावली दिसते, काळ्याची तर हमखास.

उसवणं

चूक सापडली की दोरा सुईतून काढून मागून एकेक टाका सोडवा. दहापेक्षा जास्त फुल्या असतील तर मागून कापत काढा आणि तो दोरा फेकून द्या, पुन्हा वापरलेला पदर निस्तेज बसतो. रुंदावलेलं भोक बोटाच्या नखाने दोन्ही दिशांना हलकं खरवडलं आणि पाण्याचा थेंब लावला की बरंचसं मिटतं.

हवा आणि हात

विदर्भातल्या उन्हाळ्यात घामाने दोरा मळतो. कूलरच्या झोतात बसलं तर सुटे पदर उडून गुंततात, बाजूला बसलेलं बरं. पावसाळ्यात सुई कापडात टोचून ठेवू नका. एका रात्रीत गंजाचा डाग पडू शकतो आणि तो सहसा जात नाही. हळदीच्या बोटांचा डाग साबणाने आधी लालसर होतो, मग उन्हात उडतो, पण उन्हात लाल दोराही विटतो. तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी झाकून वाळवा.

लाल दोऱ्याची परीक्षा ओवायच्या आधीच: बोटभर तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून गरम इस्त्री फिरवा. या लडीने गुलाबी डाग सोडला, म्हणून पाणी नितळ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळून वाळवली, मगच कापडाला लावली.

पुढे: चक्रातला उरलेला पिवळा, त्याच्या भोवतीचा लाल, मग हिरवी पानं. काळा सगळ्यात शेवटी, कारण त्याची लव शेजारच्या पांढऱ्या घरांत अडकते. नक्षीतल्या बैलाच्या डोळ्यांच्या कडेची एका पदराची रेघ त्याच्याही नंतर, सगळ्या फुल्या भरून झाल्यावर.