जुनी फँटसी आणि तिच्यातलं खटकणारं: उन्हाळ्याचा वाचन लॉग

मंडळी, मागच्या लॉगनंतर बरंच वाचून झालंय. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी घराबाहेर पडायचा प्रश्नच नसतो, खिडक्या बंद, कूलर चालू आणि हातात पुस्तक, त्यामुळं माझं जुन्या फँटसीचं वाचन याच दिवसांत सगळ्यात जास्त पुढं सरकतं.

या वेळी एक पद्धत ठरवून घेतली होती. खटकलेलं पान गाळायचं नाही, पूर्ण वाचायचं, तिथं कागदाची चिठ्ठी लावायची आणि पुस्तक संपल्यावर वहीत फक्त एवढंच लिहायचं की हे खटकणारं काढून टाकलं तर गोष्ट उभी राहते का. "त्या काळी असंच होतं हो" म्हणून सोडून देणं मला पटत नाही आणि असली पुस्तकं वाचूच नयेत हे तर अजिबातच पटत नाही, कारण मला ही पुस्तकं मनापासून आवडतात, त्यातले ड्रॅगन, नकाशे, उजाड बुरुज सगळं आवडतं.

सुरुवात अर्सुला ले ग्विनच्या अर्थसी या बेटांच्या जगातल्या फँटसी मालिकेपासून. पहिलं पुस्तक १९६८ चं. नायक गेड तांबूस-तपकिरी रंगाचा, त्याचा जिवलग मित्र व्हेच त्याच्याहून काळा, आणि गोरे लोक म्हणजे समुद्रावरून लुटायला येणारे कार्ग. त्या काळातल्या इंग्रजी फँटसीत हे किती वेगळं होतं ते आज चटकन लक्षात येत नाही. पण त्याच पुस्तकात जादूच्या शाळेत फक्त मुलगे, आणि बायकांची जादू दुबळी आणि वर दुष्टही, असं सांगणारी म्हणच आहे गावाकडची. माझी पहिली चिठ्ठी तिथं लागली. गेडची मावशी चेटकीण, ती त्याला पहिले मंत्र शिकवते, आणि पुढं पुस्तक तिच्याकडं वळूनसुद्धा बघत नाही, हे मला फार लागलं.

तरीही शेवटचा प्रसंग वाचताना मी उठून बसले. भर समुद्रात होडी चालली असते आणि अचानक खालचं पाणी वाळूसारखं होतं, होडी रुतते, गेड उतरून त्या न हलणाऱ्या पाण्यावरून चालत जातो, समोरून ती सावली येते, जिच्यापासून तो अर्धं पुस्तक पळतोय आणि अर्धं पुस्तक जिचा पाठलाग करतोय, आणि दोघं एकाच क्षणी एकच नाव घेतात. नाव कुठलं ते लिहीत नाही, कुणाचं वाचायचं राहिलं असेल तर. या प्रसंगाला त्या म्हणीची गरजच नाही, म्हण काढली तरी एक ओळ इकडची तिकडं होत नाही. आणि खरी मोठी गोष्ट म्हणजे ले ग्विन स्वतः परत आली. १९९० मध्ये तिनं तेहानू लिहिलं, त्यात मध्यमवयीन विधवा टेनार आणि भाजून टाकलेली एक पोर, आणि ज्या बायकांकडं आधी बघितलंच नव्हतं त्यांच्या स्वयंपाकघरातून तेच जग दिसतं. ज्यांनी पहिलं वाचलंय त्यांनी हे चौथं सोडू नका.

सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेतलं 'द हॉर्स अँड हिज बॉय', १९५४, हे मात्र अवघड गेलं. कॅलोर्मेन देश, फेटे, वाकड्या तलवारी, सावळे लोक, गुलामगिरी, आणि ताशबान शहराच्या वर्णनात कचरा, न धुतलेली माणसं आणि कांदा-लसणाचा वास. आता मी ज्या गावात राहते तिथं शेंगाचटणीत लसूण नसला तर तिला चटणी म्हणणार नाहीत, त्यामुळं वाचता वाचता मी कुठल्या बाजूची ते मला लगेच कळलं. हे वाचून वाईट वाटतं, तसं सरळ म्हणावं. पण याच पुस्तकात अरावीस आहे, म्हाताऱ्या सरदाराशी लग्न लावतात म्हणून घोडीवर बसून पळालेली कॅलोर्मेनची मुलगी, आणि ती आपली हकीकत सांगायला लागते तेव्हा लुईस म्हणतो की त्या देशात गोष्ट सांगायची कला शिकवतात, जशी इंग्रज पोरांना निबंध लिहायला शिकवतात, फरक इतकाच की गोष्टी लोकांना ऐकाव्याशा वाटतात. ज्यांना त्यानं खलनायक केलं त्यांच्याच हातात ही कला दिलीय. माझ्या वहीत यापुढं लिहिलंय: गोष्ट उभी राहते, पण अरावीसच्या जोरावर.

रॉबर्ट हॉवर्डचा तलवारबहाद्दर नायक कोनन. पहिली कथा डिसेंबर १९३२ च्या वीअर्ड टेल्स मासिकात आली आणि १९३६ मध्ये तिशीतच हा लेखक गेला. याच्या कथांत वंशाबद्दल आणि बायकांबद्दल इतकं काही आहे की चिठ्ठ्या कमी पडाव्यात. पण १९३३ ची 'द टॉवर ऑफ द एलिफंट' वाचाच. तरुण कोनन रत्न चोरायला बुरुजात शिरतो आणि वर हत्तीच्या तोंडाचा, हिरवट अंगाचा, आंधळा केलेला, छळून छळून मोडलेला परग्रहावरचा जीव बसलेला असतो. कोननला आधी ती मूर्ती वाटते, मग त्या डोळ्यांतून पाणी येताना दिसतं. आपल्याकडच्या माणसाला हत्तीचं तोंड म्हटल्यावर जे वाटतं ते हॉवर्डच्या मनात असणं शक्यच नाही, पण तिथं मला खरंच भरून आलं. चोरी करायला आलेला हा दांडगा पोरगा आख्ख्या माणूसजातीचा अपराध आपल्या अंगावर घेतल्यासारखा उभा राहतो, आणि त्या जीवाला जे हवंय ते करतो. याच लेखकाची 'द व्हेल ऑफ लॉस्ट विमेन' मात्र मी वाचली आणि बाजूला ठेवली. ती त्याच्या मरणानंतर, १९६७ मध्ये छापली गेली. काळ्या लोकांच्या हातात सापडलेली गोरी बाई एवढ्याच भीतीवर ती कथा चालते, ते काढलं तर काहीच उरत नाही. एकाच लेखकाच्या दोन कथांत इतका फरक पडतो, त्यामुळं लेखकावर सरसकट शिक्का मारायचं मी बंद केलंय.

टॉल्किनचं 'द टू टॉवर्स' परत चाळलं, फक्त एका जागेसाठी. शत्रूच्या बाजूनं लढणारा दक्षिणेकडचा एक सैनिक नायकाचा सोबती सॅम याच्यासमोर मरून पडतो आणि सॅम विचार करतो की हा खरंच वाईट होता का, की खोटं सांगून, धमकावून त्याला घरापासून इतक्या लांब आणलं. छोटीशीच जागा आहे, पण असली आणखी हवी होती.

इंग्रजीलाच नावं ठेवून चालणार नाही, म्हणून मध्ये जुने चांदोबा काढले. राक्षस काळा, दुष्ट बाई कुरूप, आणि पराक्रम केला की अर्धं राज्य आणि राजकन्या. आपल्याला हे इतकं पाठ आहे की खटकतसुद्धा नाही, चिठ्ठी लावायला हात थोडा उशिराच गेला. मी भाचीला मोठ्यानं वाचून दाखवत होते तर तिनं विचारलं, मावशी, उरलेलं अर्धं राज्य कुणाला? मग आम्ही राजकन्येलाच देऊन टाकलं आणि पुढं गोष्ट लांबवली. पण छापलेलं मी आधी जसंच्या तसं वाचलं होतं, त्यात बदल नाही केला.

चांदोबा मुळात १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेला. सोलापूरच्या पूर्व भागात राहणारी माझी एक मैत्रीण तेलुगूतून वाचत मोठी झाली, तिनं दासरी सुब्रह्मण्यम यांच्या मालिकांबद्दल आणि 'चित्रा' यांच्या चित्रांबद्दल इतकं सांगितलं की आता आम्ही दोघी मिळून तेच वाचणार आहोत, ती तेलुगू वाचेल, मी मराठी, आणि राक्षसांचं वर्णन दोन्हीकडं कसं येतं ते ताडून बघू.

शिवाय रांगेत आहे सी. एल. मूरची जिरेल, १९३४, कोनन छापणाऱ्या त्याच मासिकात एका बाईनं लिहिलेली तलवारवाली नायिका. आणि आपली मंजुघोषा, रिसबुडांची मराठी कादंबरी, १८६८ ची. तिची चांगली प्रत कुणाकडं असेल, किंवा साठच्या दशकातले चांदोबाचे अंक बांधून ठेवलेले असतील, तर कळवा. सोलापुरातच असाल तर अंक घरी नेणार नाही, तुमच्याकडंच बसून वाचून जाईन.