पाच रुपयांचा पाव

फोंड्यातल्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात परवा एकाने कोडं घातलं. भाजी आणि पाव मिळून 45 रुपये. भाजी पावापेक्षा 40 रुपयांनी महाग. तर पाव केवढ्याला? सगळं टेबल एका सुरात म्हणालं, पाच! पोदेर (गोव्यातला पाववाला) पाव पाचालाच देतो, त्यामुळे उत्तर अगदी ओळखीचं वाटतं. पण पाव पाचाचा धरला तर भाजी 45 ची होते आणि बिल जातं 50 वर. खरं उत्तर अडीच. (अडीच रुपयांत पाव कुठे मिळतो, हे विचारू नये.)

मुळात हे कोडं चेंडू आणि बॅटचं. शेन फ्रेडरिक या अमेरिकी संशोधकाने 2005 मध्ये तीन प्रश्नांची छोटीशी चाचणी मांडली, त्यातलं. मला त्यातली गंमत वाटते ती वेगळीच. चुकीचं उत्तर देणाऱ्यांना वाटत होतं की शंभरातले 92 लोक हे बरोबर सोडवतील. ज्यांचं बरोबर आलं, त्यांचा अंदाज मात्र 62 चा. पहिल्या उत्तराशी अडखळलेल्यालाच कळतं की इथे पाय घसरू शकतो.

म्हणजे सावकाश विचार केला की झालं? तसंही नाही. आमच्या टेबलावर एक काका आहेत. चहा निवेपर्यंत विचार करतात, पण तो सगळा वेळ आधीच ठरवलेल्या मताला पुरावे गोळा करण्यात जातो. आपलंच मत तपासायला ते कधी बसलेले मी पाहिले नाहीत.

उलट माझी मावशी. बाजारात मासळीवाली 'आजचीच गो' म्हणत असते, तेवढ्यात हिने इसवणाचे (म्हणजे सुरमईचे) कल्ले उघडून लाली बघितलेली असते, डोळा पाहिलेला असतो, बोटाने अंग दाबून ते परत वर येतं का तेही. सगळं निमिषात. पण ही घाई नव्हे. वर्षानुवर्षं सावकाश शिकलेला संशय आता बोटांत उतरलाय, इतकंच.

आणि याच मावशीकडून दुपारी मोबाइलवर निरोप येतो, अमुक पाल्याचा रस प्या, मधुमेह मुळापासून जातो. कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणते, "अरे, दहा जणांनी पाठवलंय." बाजारात दहाही जणी 'आजचीच' म्हणतात, हे तिला सांगायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण जेवायला तिच्याकडेच होतो.