एकोणतिसाचा पाढा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सदाशिव पेठेतलं माझं छोटं बालवाचनालय २००१ साली सुरू झालं, तेव्हापासून पुस्तक बदलायला येणारे आई-बाबा हा प्रश्न हमखास विचारतात. "धडा वाच म्हटलं तर दोन पानांत कंटाळतो, आणि ही जादूची जाडजूड पुस्तकं चार दिवसांत संपवतो. असं काय असतं हो त्यांत?"

बऱ्याच जणांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: जाहिरात आणि सिनेमा. सिनेमामुळे वाचक वाढले हे खरंच. पण हॅरी पॉटरचंच बघा. पहिला भाग १९९७ साली ब्रिटनमध्ये निघाला तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या आणि त्यातल्याही बऱ्याचशा ग्रंथालयांत गेल्या. सिनेमा यायला २००१ उजाडलं. तोवर चार भाग येऊन मुलांनी ते डोक्यावर घेतले होते.

माझं उत्तर मला सापडलं ते वर्गणीच्या एका पावतीच्या पाठीवर.

पाचवीतला एक मुलगा आजोबांबरोबर यायचा. पाढ्यांच्या नावाने बोंब आहे, असं आजोबाच सांगायचे. एका संध्याकाळी तो बाकावर बसून पावतीमागे पेन्सिलीने काहीतरी मांडत होता. हॅरी पॉटरच्या जादूगारांच्या जगातली नाणी ती: एका सोन्याच्या गॅलियनचे सतरा सिकल होतात आणि एका सिकलचे एकोणतीस कनट. मग एका गॅलियनचे कनट किती? एकोणतिसाचा पाढा येत नव्हता, म्हणून पठ्ठ्याने २९ खाली २९ असे सतरा वेळा लिहून बेरीज चालवली होती. दोनदा चुकला, खोडरबराने पावतीला भोक पडलं, पण ४९३ आल्यावरच उठला. आजोबा खूश. "अरे, आमच्या लहानपणी असंच होतं. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. १९५७ साली नवे पैसे आले आणि ते सगळं गेलं." लगेच याचा प्रश्न, "मग रुपयाच्या पै किती?" आजोबा आठवायला लागले, तोवर त्याने १९२ सांगूनही टाकले.

त्याला गणित आवडायला लागलं, असं मी म्हणणार नाही. पण त्या जगातलं त्याला आजोबांपेक्षा, माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला वाटतं, सगळं इथेच आहे. घरी, शाळेत, क्लासमध्ये मुलाला दिवसभर कोणी ना कोणी सांगतच असतं. धड्याखालच्या प्रश्नाचं उत्तरही बाईंना आधीच ठाऊक असतं. मुलाला ज्यातलं सगळ्यांत जास्त कळतं, असं काय उरतं त्याच्याकडे?

म्हणूनच मुलांना जादूपेक्षा जादूचे नियम जास्त आवडतात. वाट्टेल ते घडणारी गोष्ट त्यांना लवकर कंटाळा आणते, कारण पुढचं ताडताच येत नाही. झाडूवर बसून खेळायच्या क्विडिचमध्ये एका बाजूला सात खेळाडू, गोल केला की १० गुण आणि स्निच नावाचा उडता सोनेरी चेंडू पकडला की १५०. हे एकदा कळलं की भांडता येतं. स्निच पकडूनही संघ हरेल का, यावर आमच्याकडे तासभर कडाक्याचा वाद झाला होता. शेवटी एका मुलीने चौथा भाग आणून पान उघडून दाखवलं: बल्गेरियाने स्निच पकडली आणि तरी आयर्लंड १७०-१६० ने जिंकलं. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने जादूशिवाय हेच केलं. फुरसुंगीचा बन्या पुण्यातून सायकल दामटायचा आणि ते रस्ते आम्हाला पाठ असायचे. "या बोळातून गेला असता तर आधी पोचला असता," असं आम्ही पुस्तकाला ऐकवायचो.

आणि हे मुरायला वेळ लागतो. म्हणून मालिका. चौथा भाग जुलै २००० मध्ये आला, पाचवा थेट जून २००३ मध्ये. मधल्या काळात मुलं तेच भाग पुन्हा पुन्हा न्यायची आणि पुढे काय होणार यावर पैजा लावायची. हॅरी पहिल्या भागात अकरा वर्षांचा होतो आणि सातव्यात सतरा. माझ्या भाचीने पहिला भाग अकराव्या वर्षी वाचला. सातवा २१ जुलै २००७ ला आला, तेव्हा तीही सतराची झाली होती. त्या दिवशी सकाळी पावसात मी तिला स्कूटरवर घेऊन दुकानात गेले. येताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक तिने रेनकोटच्या आत पोटाशी धरलं होतं, आणि सिग्नलला ती मला पुन्हा पुन्हा बजावत होती, "मावशी, शेवटचं पान उघडायचं नाही हं."

परवा एका आईने हाच प्रश्न विचारला, तेव्हा मी तिच्या हातात मराठी अनुवाद ठेवला, 'हॅरी पॉटर आणि परीस'. आठवड्याने परत आली. म्हणाली, "रोज रात्री लेक विचारते, कुठवर आलीस? माझा अंदाज चुकला की गालात हसते, पण सांगत काही नाही."

दुसरा भाग तिने मुलीच्या कार्डावर नेला.