टाळू भरेपर्यंत

माझ्या मुलाच्या कवटीची मधली, कपाळाकडून मागे जाणारी शिवण, म्हणजे दोन हाडांमधला सांधा, जन्माआधीच जुळून गेली होती. ही शिवण बंद झाली की डोके रुंदीला वाढत नाही आणि मेंदूला जागा देण्यासाठी लांबीला वाढत राहते, त्यामुळे त्याचे डोके होडीसारखे दिसे. शेजारणींनी दोष मालिशवाल्या मावशींना दिला, पण मालिशीचा याच्याशी काहीही संबंध नव्हता.

तो नऊ महिन्यांचा असताना परळच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. हाडांचे तुकडे काढून, रुंदावून, विरघळणाऱ्या पट्ट्यांनी पुन्हा बसवले. रक्त द्यावे लागले. दुसऱ्या दिवशी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे मिटूनच गेले आणि दोन दिवस तो आम्हाला केवळ आवाजावरून ओळखत होता. जावळ शस्त्रक्रियेच्या टेबलावरच निघाले, याचे सासूबाईंना आजही वाईट वाटते.

खरी परीक्षा मुलुंडला घरी आल्यावर सुरू झाली. हाडे रुंदावल्यामुळे त्यांच्यामध्ये फटी राहिल्या होत्या आणि टाळूच्या मागे माझ्या दोन बोटांएवढा भाग मऊ होता. तो दूध पिताना तिथली त्वचा नाडीबरोबर हलके वरखाली होई, रडला की फुगे आणि उभा धरला की किंचित आत जाई. मी कित्येक रात्री दिवा न मालवता ते पाहत बसले. डॉक्टरांनी समजावले की मेंदूवरचे जाड आवरण, ज्याला ड्युरा म्हणतात, ते या वयात स्वतःच नवे हाड तयार करते. मोठ्या माणसाच्या कवटीत एवढी फट आपोआप भरत नाही, आणि साधारण दोन वर्षांच्या वयानंतर मुलांमध्येही ही क्षमता ओसरत जाते. हे ऐकून धीर आला आणि त्याच वाक्याने घाईही लावली.

मग मी दर महिन्याच्या एक तारखेला, तो झोपलेला असताना, कडा बोटाने चाचपून मऊ भागाची आकृती ट्रेसिंग पेपरवर काढू लागले. डॉक्टरांच्या दृष्टीने त्याला फारशी किंमत नसावी. ते स्वतः बोटाने दाबून पाहत आणि किरणोत्सर्ग टाळण्यासाठी दर वेळी सीटी स्कॅन सांगत नसत. पहिले तीन महिने आकृती जवळजवळ तशीच राहिली. चौथ्या महिन्यात कडेला खडबडीतपणा जाणवला, साबुदाण्याच्या दाण्यांसारखा, आणि मी घाबरून फोन केला. ते नवे हाडच होते. हाड कडांवरून आत सरकते आणि मध्ये बेटांसारखेही उगवते, असे त्यांनी सांगितले.

आता तो दोन वर्षांचा होत आला आहे. परवा सासूबाईंनी तेलाची वाटी घेऊन मला विचारले, "आता दाबून लावू का गं?" मी त्यांचे बोट धरून उरलेली जागा दाखवली. मसुराच्या डाळीएवढी आहे.