माझा अनुभव: शाळेचं वाय-फाय आणि भलत्याच फोनवर जाणारा ओटीपी

शाळेच्या नेटवर अश्लील साइट अडवणारा फिल्टर बसवायचा, हे गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात ठरवलं. तो बसला २१ सप्टेंबरला. प्रत्यक्ष काम एका संध्याकाळचं होतं, दोन तासही लागले नाहीत. मधले जवळजवळ तीन महिने कुठं गेले, ते सांगण्यासाठी हे लिहितोय. मनातला राग अजून पुरता गेलेला नाही, हेही आधीच सांगतो.

आमची शाळा जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात. अनुदानित, पाचवी ते दहावी. मी विज्ञान शिकवतो आणि संगणक कक्षाची जबाबदारीही माझ्याकडंच. दहा संगणक, त्यातले सात चालू.

जूनमध्ये सातवीची एक मुलगी जलचक्राचं चित्र शोधत होती. चित्र उतरवून घ्यायच्या बटणासारखं काहीतरी दिसलं म्हणून तिनं दाबलं आणि पडद्यावर भलतंच पान उघडलं. मागच्या बाकावरची पोरं हसली. तिनं काय करावं? पान बंद करायचं सुचलं नाही, दोन्ही हात पडद्यावर आडवे धरून उभी राहिली. मी पलीकडच्या मशीनचा माउस बघत होतो. मी येऊन वायर काढली. पुढच्या तीन तासिकांना ती 'डोकं दुखतंय' म्हणून संगणकाच्या वर्गात आलीच नाही. चूक तिची नव्हती, आमची होती. पन्नास पोरांना आम्ही उघडं नेट देऊन बसवलं होतं.

त्याच आठवड्यात मी प्रत्येक संगणकात जाऊन डीएनएस बदलला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. अश्लील साइटचा पत्ता द्यायलाच नकार देणारे डीएनएस फुकट मिळतात. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ आणि जोडीचा १.०.०.३ हा २०२० पासून आहे. ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड आहे, क्लीनब्राउजिंगचा फॅमिली फिल्टर आहे. आम्ही क्लाउडफ्लेअरचा घेतला. आठच दिवसांत नववीच्या दोघांनी तो काढून ८.८.८.८ हा गूगलचा, काहीच न गाळणारा डीएनएस टाकला. त्यांना रागावण्यात अर्थ नव्हता, सगळी मशीन ॲडमिनिस्ट्रेटर खात्यावर, म्हणजे हवी ती सेटिंग बदलता येते अशा खात्यावर, चालत होती, ती आम्हीच तशी ठेवली होती. म्हणून पहिली गोष्ट, मुलांसाठी वेगळं साधं खातं करा आणि ॲडमिनचा पासवर्ड शिक्षकाकडंच ठेवा. तरीही शिक्षकांचे मोबाइल, शाळेला मिळालेले टॅब आणि वाय-फायचा पासवर्ड ज्याला ज्याला माहीत आहे ते सगळे मोकळेच राहतात. फिल्टर राऊटरवरच, म्हणजे सगळ्यांचं नेट ज्या यंत्रातून जातं त्याच्यावरच, पाहिजे.

आणि इथं गाडी अडकली.

आमच्याकडं फायबरची जोडणी आहे. भिंतीवर कंपनीचा पांढरा डबा, त्याला ओएनटी म्हणतात. त्यात शिरायचा पासवर्ड शाळेत कोणाकडंच नव्हता. मागच्या स्टिकरवरचा चालला नाही, बसवून गेलेल्या माणसानं बदलला होता. लाइनमनला फोन केला. तो भला माणूस, म्हणाला, "सर, मला येतंय हो करायला, पण ऑफिसातून टिकीट पडल्याबिगर मी डब्याला हात लावू शकत नाही." टिकीट, म्हणजे कंपनीत तक्रारीची नोंद, पाडायला गेलो तर ग्राहकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी जातो म्हणाले. ग्राहक कोण? तर आमचे आधीचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर.

मोठ्या सरांना मी दोष देत नाही. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती, ऑनलाइन तास घ्यायचे होते, संस्थेचे कागद गोळा करायला कोणाला वेळ नव्हता. त्यांनी स्वतःचं आधारकार्ड दिलं, स्वतःचा मोबाइल नंबर दिला, पहिल्या सहा महिन्यांचे पैसेही स्वतःच भरले. २०२२ साली ते निवृत्त झाले आणि पुण्याला मुलाकडं गेले. बिल शाळा भरत राहिली, नाव त्यांचंच राहिलं. कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

कोणी म्हणेल, डब्याच्या मागं आपला राऊटर लावून टाकायचा. लावून बघितला. त्याच्यावरून फिल्टर चाललाही. पण डब्याचं स्वतःचं वाय-फाय चालूच राहिलं आणि त्याचा पासवर्ड अर्ध्या गावाला पाठ होता. पोरं सरळ त्याला जोडून घ्यायची. ते बंद करायला पुन्हा डब्यातच शिरावं लागतं. आणखी एक, आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर विसरेन. मागच्या बारीक छिद्रात पिन घालून डबा रिसेट करू नका. रिसेट केला की कंपनीनं त्यात भरलेला लॉगिन आयडी आणि बाकीची मांडणी पुसली जाते आणि नेट ठप्प होतं. आमच्या एका सहकाऱ्यानं पिन हातात घेतली होती, मी वेळेवर पोचलो. दहावीचे फॉर्म भरायच्या दिवसांत असं झालं असतं तर?

मग जिल्ह्याच्या गावी, परभणीला, कंपनीच्या कार्यालयात चकरा सुरू झाल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, एसटीनं, आणि प्रत्येक वेळी माझी किरकोळ रजा.

पहिल्या खेपेला शाळेच्या लेटरहेडवर अर्ज नेला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, सिस्टीमला तुमच्या शाळेचं नावच नाही. कस्टमरचं पत्र आणा." मोठ्या सरांनी व्हॉट्सॲपवर पत्र पाठवलं, त्याची प्रिंट घेऊन गेलो. "प्रिंट चालत नाही, ओरिजनल सही पाहिजे." पुण्याहून कुरिअरनं मूळ पत्र मागवलं, त्यात आठ दिवस गेले. तिसऱ्या खेपेला पत्र होतं, तर साहेब मीटिंगला होते. दुपारी साडेतीनपर्यंत बसलो. "उद्या या ना सर." उद्या मला दोन तास दहावीवर आणि दोन नववीवर होते. मी त्याला विचारलं, "नाव बदलायला नेमके कोणते कागद लागतात, ते एकदाच एका कागदावर लिहून द्या." तो म्हणाला, तशी यादी नसते. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आला. यादी नसते म्हणजे काय? मग तुम्ही मला रोज एक नवा कागद कोणत्या आधारावर सांगता?

चौथ्या खेपेला साहेब भेटले. पत्र बघितलं आणि म्हणाले, "चला, आता नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवतो, तो सांगा की झालं." मी मोठ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अरे, तो नंबर मी कधीचाच सोडला. पुण्याला आल्यावर मुलानं नवीन कार्ड घेऊन दिलं." इथं माझा धीर सुटायला आला. तरी जुना नंबर लावून बघितला. रिंग गेली! कोणीतरी उचलला, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देतात. तो आता या माणसाचा झाला होता.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शिक्षक आहे, शाळेच्या नेटचं काम आहे, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील.

"आलेत की."

"तेवढे सांगता का, भाऊ?"

"नाही सांगणार. आमच्या गावातल्या एकाचे परवाच साठ हजार गेले असंच सांगून. तुम्ही खरे मास्तर असाल तर तुम्हीच सांगा, ओटीपी सांगायचा असतो का?"

काय उत्तर देणार? मी दर वर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर लिहितो, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. मी त्यांना म्हणालो, "तुमचं बरोबर आहे," आणि फोन ठेवला. त्या माणसाला मी कधी बघितलेलं नाही, पण त्या दिवशी त्या कार्यालयात बसल्या बसल्या मला तोच एक शहाणा वाटला. बिल शाळेच्या खात्यातून जातं, वापर शाळेचा, डबा शाळेच्या भिंतीवर, आणि शाळेचं काम अडलंय एका शेतात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या फोनवर.

साहेब म्हणाले, आता एकच मार्ग, मूळ ग्राहकानं समक्ष यायचं. मोठ्या सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पुणे ते परभणी बसवायचं कसं त्यांना? मी महिनाभर विषयच काढला नाही. मुलांना संगणकावर बसवायचं तर नेट बंद ठेवूनच बसवायचो. ऑगस्ट असाच गेला.

सप्टेंबरमध्ये त्यांचाच फोन आला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला ते दर वर्षी शाळेत येतात, त्यांचे वडील त्या लढ्यात होते. "या वर्षी पण येतोय, काठी घेऊन येईन. ते कागदाचं पण उरकून टाकू." १७ तारखेला त्यांनी झेंड्याला सलामी दिली, १८ ला सकाळी आम्ही एका सहकाऱ्याच्या गाडीतून त्यांना नेलं. त्यांचं मूळ आधारकार्ड, शाळा समितीचा ठराव, संस्थेचं पॅन, आताच्या मुख्याध्यापकांचं नेमणुकीचं पत्र, सगळं घेऊन गेलो, मागितलं नव्हतं ते पण. काउंटरवर मोठे सर एवढंच म्हणाले, "मी हे शाळेसाठी घेतलं होतं. शाळेला देऊन टाका." वीस मिनिटांत काम झालं. वीस मिनिटांत! परत येताना गाडीत मला बोलता येईना, इतकं बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, लाइनमन आला, डबा ब्रिज मोडवर टाकला आणि लॉगिन आयडी-पासवर्ड कागदावर लिहून दिला. ब्रिज मोड म्हणजे डबा फक्त फायबरचा सिग्नल पुढं देतो, बाकी सगळा कारभार आपल्या राऊटरकडं येतो. राऊटर मायक्रोटिक कंपनीचा, सगळ्या शिक्षकांनी वर्गणी काढून घेतलेला. वेतनेतर अनुदानाची वाट बघितली असती तर आणखी एक वर्ष गेलं असतं. पुण्यात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी फोनवर सांगत गेला आणि मी करत गेलो.

त्यात जे कामाचं निघालं ते असं. नुसता १.१.१.३ भरून भागत नाही. डीएनएसची विचारणा ५३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे ठरलेल्या वाटेनं, जाते, ती सगळी राऊटरकडंच वळवायची. मग पोरानं मशीनमध्ये ८.८.८.८ टाकला तरी उत्तर आपलाच राऊटर देतो. अँड्रॉइड ९ पासून मोबाइलमध्ये प्रायव्हेट डीएनएस, म्हणजे विचारणा कुलूपबंद करून पाठवायची सोय, आलंय, ते ८५३ पोर्टवरून जातं, ते बंद केलं. गूगलचं शोधपान २१६.२३९.३८.१२० या पत्त्याकडं वळवलं की सेफसर्च, म्हणजे शोधातलं अश्लील गाळण्याची सोय, कायमचं चालू राहतं, मुलांना ते बंद करता येत नाही. ब्राउजर स्वतःचाच डीएनएस गुपचूप वापरू शकतात, ती सोय क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये जाऊन बंद केली.

आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, विसरू नका. आम्ही विसरलो होतो आणि दोन दिवस कळेना की एका टॅबवर सगळं कसं उघडतंय. राऊटरवर ते बंद केल्यावर थांबलं.

यूट्यूबही त्याच १२० च्या पत्त्याकडं वळवून आधी कडक मर्यादा लावली. मग दहावीच्या विज्ञान भाग २ मधला प्रजननाचा पाठ शिकवायला गेलो, तर मी दर वर्षी दाखवतो तो व्हिडिओच गायब. मुलींना ज्या गोष्टी शाळेतच नीट कळायला पाहिजेत, त्याच आपण बंद करायच्या? मध्यम मर्यादा लावली, त्याचा पत्ता शेवटी १२० ऐवजी ११९. एवढं मात्र समजून घ्या की या पद्धतीत साइट अख्खी बंद होते किंवा अख्खी चालू राहते, आतलं एखादं पान वेगळं काढता येत नाही. रमी आणि सट्ट्याच्या साइट १.१.१.३ अडवत नाही, त्या दिसतील तशा आम्ही हातानं यादीत टाकतो. आणि मोठ्या भावाचा मोबाइल दप्तरात आणला तर यातलं काहीच लागू होत नाही. त्यासाठी पालकसभेतच बोलावं लागतं, आम्ही बोललो.

फिल्टर लागला का हे तपासायला खरी घाण साइट उघडायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरनं न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम हा नुसता चाचणीचा पत्ता दिलाय, तो उघडला नाही म्हणजे फिल्टर चालू आहे.

कार्यालयात कोणताही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घ्या. मी पहिल्या दोन खेपांना घेतली नाही, नंतर साहेबांनी विचारलं, "तुम्ही याआधी आला होतात कशावरून?"

ती मुलगी आता आठवीत आहे. ऑक्टोबरपासून पुन्हा मोकळेपणानं संगणकावर बसू लागली. ते जलचक्राचं चित्र तिनं नंतर हातानंच काढलं, विज्ञानाच्या खोलीत लावलंय.

जोडणी आता संस्थेच्या नावावर आहे. लॉगिन आयडी, राऊटरचा पासवर्ड आणि सगळे आकडे डेडस्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीच्या, शेवटच्या पानावर लिहून मुख्याध्यापकांची सही घेतली. ओटीपीसाठी संस्थेच्या नावावर एक सिम घेतलं, ते साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून ऑफिसच्या कपाटात ठेवलंय. त्याच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेली असते. या महिन्यात ती १४ आहे.